चित्र दाखवून सांगितलेली गोष्ट : हिंगोली ते टोकियो

दसऱ्याला हिंगोलीच्या रामलीला मैदानावर रावण जळतो. त्याच रामकथेवर युगो साको यांनी राम मोहन आणि कोइची सासाकी यांच्यासोबत जपानी ॲनिमेपट केला. १९९२चा हा चित्रपट २४ जानेवारी २०२५ला भारतातल्या चित्रपटगृहांत पुन्हा आला. जपानी करमणुकीशी आपलं नातं मात्र याहून जुनं आहे. तिच्या मुळाशी चित्र दाखवत गोष्ट सांगणारा माणूस आहे, आणि तो आपल्याकडेही होता.

१९३०च्या दशकात टोकियोच्या गल्ल्यांतून कामिशिबाईवाले सायकलवर फिरत. लाकडी ठोकळे वाजवून मुलं जमवायची, त्यांना गोळ्या विकायच्या आणि चौकटीतून एकेक चित्र ओढत गोष्ट सांगायची, असा त्यांचा धंदा. ‘गोल्डन बॅट’ हा कवटीच्या तोंडाचा नायक तिथेच गाजला. त्याआधी कित्येक शतकं बौद्ध भिक्षू चित्रांवर बोट ठेवून धर्मकथा उलगडत. ही कला एतोकी. कुमानोच्या भिक्षुणी तर स्वर्ग-नरकाची चित्रं घेऊन गावोगाव हिंडल्या. चित्रकथनाची ही रीत भारतातून निघाली, असं व्हिक्टर मेर यांनी १९८८च्या ग्रंथात मांडलं.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’मध्ये चित्रकथकांचा उल्लेख आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत आजही सुटी चित्रं एकामागून एक समोर धरून, वीणा-टाळांच्या साथीने रामायण-महाभारतातले प्रसंग गातात. चित्रांच्या अशा एका संचाला ते ‘पोथी’ म्हणतात.

पुढे मात्र दोन्हीकडच्या वाटा वेगळ्या झाल्या. जपानमध्ये १९५३ला दूरचित्रवाणी आली आणि कामिशिबाईचा बाजार उठला. पण तिचे चित्रकार मांगाकडे, म्हणजे छापील चित्रकथांकडे वळले. शिगेरु मिझुकी त्यांतलेच. कामिशिबाईतल्या कितारो या भुताच्या पोराला त्यांनी मांगात आणलं आणि १९६८ला तो दूरचित्रवाणीवर ॲनिमेत अवतरला. गावखेड्यांतली भुतंखेतं अशी नव्या पिढीच्या ओळखीची झाली. पिंगुळीच्या कलावंतांना सामावून घेणारा असा छापील किंवा चलच्चित्रांचा व्यवसाय आपल्याकडे उभा राहिला नाही. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचं संग्रहालय करून ही कला जपली. २०२१मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा सन्मान मोलाचाच, पण कला जगते ती तिच्यावर पोट भरता आलं तर.

म्हणून हिंगोलीच्या शाळांकडे मी आशेने पाहतो. नामदेवांचं नर्सी याच जिल्ह्यातलं. नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढा नागनाथाचं देऊळ फिरलं, ही आख्यायिका इथल्या घराघरांत सांगतात. दगडी देऊळ वळतंय, हा प्रसंग चित्रमालिकेसाठीच जन्मल्यासारखा आहे. पुठ्ठ्यांवर दहा-बारा चित्रं, एक चौकट आणि सांगणारं एक मूल, एवढ्यावर वर्गात खेळ उभा राहतो. ॲनिमे आवडीने पाहणाऱ्या मुलांच्या हाती ब्रश द्यावा, गोष्ट त्यांच्या गावची असावी आणि बोली मराठवाड्याची. कितारोने जपानमध्ये जी वाट धरली, तिची सुरुवात याहून मोठी नव्हती.