नऊ तारखेची रांग

पहाटे 5.50. पेण. रात्रीची बाई मोकळी होऊन तास झाला. डॉक्टरबाई तिच्या बेंबीखाली तळवा दाबून बघतात. पिशवी घट्ट लागते. बाळ बाहेर येताच मिनिटभरात ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन दिलं होतं. वार उलटसुलट करून पाहिली, तुकडा राहिलेला नाही. हातमोजे बादलीत. चहा.

8.15. जोडीच्या डॉक्टर आल्या. बाईंची गाडी वडखळ, नागोठणे करत रोह्याकडे. ऑक्टोबरची 9 तारीख. 2016पासून दर महिन्याच्या नऊला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते, खासगी डॉक्टरही येऊन हातभार लावतात. मानधन नाही. डिझेल स्वतःचं.

9.40. रोहा. बाकावर जागा नाही. धाटावच्या कारखान्यात नवरा कंत्राटावर असलेल्या पोरी आहेत, वाड्यांवरच्या कातकरी बाया आहेत. आशाताई कार्डं लावून ठेवतात. वजन, बी.पी., लघवी, बोटातलं रक्त.

11.05. टेप पोटावर. 30 सेंटीमीटर, म्हणजे साधारण तितकेच आठवडे. ठोके 144. डॉक्टरबाई खालची पापणी ओढतात. आत पांढरं. हिमोग्लोबिन 7.4. कार्डावर लाल स्टिकर.

‘‘बाय, गोळ्या घेतेस?’’

‘‘घेतल्या. पोटात ढवळतं, मग सोडल्या.’’

‘‘रात्री जेवून घे. वर चहा नको.’’

बाई मान हलवते. मग हळूच सांगते, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचंय. उचल घेऊन झाली, खर्चही झाली. बाळंतपण डिसेंबरात, म्हणजे भट्टीवरच.

आता गोळ्यांवर भागणार नाही. शिरेतून लोह द्यायचं, एक दिवसाआड, निदान चार-पाच वेळा. औषध फुकट आहे. पण भातकापणी चालू आहे. एका खेपेला 300ची मजुरी बुडते, मिनिडोर रिक्षाचे 80 वेगळे. मला या कामातलं सगळ्यात अवघड हेच वाटलं: सलाईन टांगलेली आहे आणि बाईला यायला दिवस नाही. डॉक्टरबाई उपदेश करत नाहीत. तिच्या वाडीजवळच्या आरोग्य केंद्राला चिठ्ठी लिहितात, पुढचे डोस तिथे. ‘‘भट्टी कुठली?’’ गावाचं नाव कार्डाच्या मागे लिहून घेतात. ‘‘हे कार्ड पेटीत ठेवू नकोस. जाशील तिथे जवळ पाहिजे.’’

12.10. पहिला डोस. 200 मिलिग्रॅम, 100 मिली सलाईनमधून. अंगावर काही उठतंय का बघायला सिस्टर शेजारी उभी.

4.30. पुन्हा पेण. ओपीडी. साठीच्या आजींचं अंग बाहेर येतं. आयुष्यभर डोक्यावर हंडे, भारे. ऑपरेशनला तयार नाहीत. आत रिंग बसवली. आजी उठून चालून पाहतात, मग म्हणतात, ‘‘सुनेला सांगू नका.’’

9.20. पहिलटकरीण. चार सेंटीमीटर. दर अर्ध्या तासाने ठोके, कागदावर ठिपका.

10.45. आशाताईंचा फोन. परवा शेजारीण पोरं सांभाळेल, बाई केंद्रावर येते म्हणाली. ‘‘सोबत तुम्ही जा,’’ डॉक्टरबाई सांगतात, ‘‘आणि तिला उपाशी आणू नका.’’ लेबर रूममधून सिस्टर हाक मारते. सहा सेंटीमीटर.