नकाशाआधी घराचे माप

नाशिकच्या जुन्या गावठाणात, सराफ बाजार, भद्रकाली, रविवार कारंजा या परिसरात, व्यापारी कुटुंबांचा संसार अनेक पिढ्या एकाच वास्तूत नांदला. खाली दुकान, मागे कोठार आणि वर माडीवर बिऱ्हाड. पुढे व्यवसाय वाढला, मुले शिकली, बाजारात गाडी उभी करण्यास जागा उरली नाही आणि एकेक कुटुंब गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर, म्हसरूळ अशा बाजूंना राहावयास गेले. आज प्लॉट घेऊन मनासारखा बंगला बांधणे हे अनेक घरांत आयुष्यभराच्या कष्टाचे सार्थक मानले जाते, आणि त्यात गैर काहीच नाही.

मात्र अशा वेळी आर्किटेक्टपुढे ठेवला जाणारा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : या प्लॉटवर जास्तीत जास्त किती बांधता येईल? या प्रश्नाचे उत्तर महापालिकेच्या बांधकाम नियमावलीत सापडते. कुटुंबाला किती हवे, याचे उत्तर मात्र कोणत्याही नियमावलीत नसते. ते घरातल्यांनी एकत्र बसून शोधावे लागते, आणि नकाशाची पहिली रेघ पडण्यापूर्वी शोधावे लागते. घर बिघडते ते बहुतेक वेळा गवंड्याच्या हातून नव्हे. हा प्रश्न न विचारल्यामुळे बिघडते.

व्रताच्या यादीतील घर

श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी पाचवे परिग्रह-परिमाणाचे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताच्या मर्यादा ओलांडण्याचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांचा आरंभच क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर, यांपासून होतो. सोने, धन, धान्य त्यानंतर येतात. या क्रमात व्यवहाराचे मोठे शहाणपण आहे. सोने विकता येते, माल कमी करता येतो. बांधलेल्या भिंती मात्र सहजी कमी होत नाहीत. घर एकदा वाढले की त्याबरोबर फर्निचर, नोकर, वीज, पाणी आणि देखभाल हे सारे वाढतच जाते.

परिमाण म्हणजे दारिद्र्य नव्हे. गृहस्थाने घर बांधू नये, असे हे व्रत सांगत नाही. मर्यादा आधी ठरवावी, एवढेच सांगते. व्यापाऱ्याला ही भाषा परकी नाही. खरेदीला निघण्यापूर्वी किती माल उचलायचा हे तो ठरवतोच. घराच्या बाबतीत मात्र हाच हिशेबी माणूस शेजारचा बंगला पाहून माप ठरवतो.

उदाहरणादाखल साधा हिशेब मांडावा. कुटुंबाची गरज ३,५०० चौरस फुटांत भागत असताना ५,००० चौरस फुटांचे घर बांधले आणि अंतर्गत सजावटीसह चौरस फुटाला ३,५०० रुपये खर्च धरला, तर जादा १,५०० चौरस फुटांसाठी ५२ लाख ५० हजार रुपये लागतात. ही रक्कम पेढीच्या खेळत्या भांडवलातून निघाली, तर दिवाळीच्या हंगामात माल भरण्यासाठी तेवढेच कर्ज काढावे लागते. वरच्या मजल्यावर बंद राहणाऱ्या दोन खोल्यांचे व्याज दुकानाच्या गल्ल्यातून जाते.

जमीन काय सांगते

माप ठरले की जमीन. नाशिकमध्ये जमिनीची पहिली चौकशी नदीकडे करावी. गोदावरीला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, आणि ते सरकारवाड्याच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचले की नाही, यावरून पुराची तीव्रता सांगण्याची जुनी रीत या शहरात आहे. सरकारवाडा ही पेशवेकालीन वास्तू. तिचे जोते उंच, दगडी आणि भक्कम आहे; वर लाकडी खांब-तुळयांचे काम. नदीकाठी बांधायचे तर पाण्याचा मान राखूनच बांधायचे, ही समज त्या पायऱ्यांतून दिसते.

सप्टेंबर २००८ च्या महापुराने हीच समज नव्या वसाहतींना पुन्हा दिली. आता नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा मानल्या जातात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते आणि दोन रेषांमधील पट्ट्यात अटी लागू होतात. नदीचे दर्शन घडवणारा प्लॉट मोहक असतो. म्हणूनच इसार देण्यापूर्वी तो कोणत्या रेषेत येतो, हे महापालिकेच्या नगररचना विभागात तपासून घ्यावे. त्याबरोबर सातबारा किंवा मिळकत पत्रिका, अकृषिक परवानगी, मंजूर रेखांकन आणि वकिलाकडून किमान ३० वर्षांचा शोध अहवाल पाहणे आवश्यक ठरते. ओळखीच्या माणसाकडून घेतलेल्या जमिनीलाही या तपासातून सूट देऊ नये.

जमिनीखालचे दुसरे सत्य काळ्या मातीचे. नाशिकच्या अनेक भागांत वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण लागतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टेकलेला पाया पुढे भिंतींना तडे देतो. म्हणून प्लॉटवर दोन-तीन ठिकाणी चाचणी खड्डे घेऊन पाया मुरुमात वा खडकात न्यावा. भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत नाशिक भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात दाखवले आहे. त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनीअरचे शुल्क वाचवणे ही काटकसर ठरत नाही.

अहमदाबादची दोन घरे

मनासारखे घर म्हणजे काय, हे समजून घेण्यास अहमदाबादेतील दोन प्रसिद्ध बंगले उपयोगी पडतात. १९५१ मध्ये जगप्रसिद्ध वास्तुरचनाकार ल कार्बुझिए अहमदाबादेस आले आणि तेथील गिरणीमालक कुटुंबांनी त्यांच्याकडे घरांची कामे सोपवली. त्यांपैकी मनोरमा साराभाई यांचे घर १९५५ च्या सुमारास पूर्ण झाले. त्यांना दोन मुलगे होते. घराच्या कमानी वाऱ्याच्या दिशेने मोकळ्या ठेवल्या गेल्या, छतावर माती पसरून हिरवळ लावली गेली आणि मुलांसाठी वरून थेट पाण्याच्या हौदात उतरणारी घसरगुंडी बांधली गेली. साधी वीट, काँक्रीट, वारा आणि मुलांचा खेळ, एवढ्यातून त्या घराचे वैभव उभे राहिले.

दुसऱ्या घराची कथा निराळी. ते सुरोत्तम हठीसिंग यांच्यासाठी आखले गेले होते. पुढे त्यांनी नकाशे श्यामूभाई शोधन यांना विकले आणि १९५६ च्या सुमारास ते घर दुसऱ्याच जागेवर, दुसऱ्याच कुटुंबासाठी उभे राहिले. शहर तेच, ऊन-वारा तोच आणि रचनाकार असामान्य. म्हणून तो नकाशा नव्या जागी निभावला. मोबाइलवर पाहिलेल्या परमुलखातील बंगल्याचे चित्र नाशिकच्या प्लॉटवर उतरवताना यांपैकी काहीच हाताशी नसते. पश्चिमेकडे पूर्ण काचेची भिंत चित्रात शोभते. एप्रिल-मेच्या दुपारी ती खोली तापवते आणि विजेचे बिल वाढवते.

भावांचे घर

एकत्र कुटुंबात घराचा आराखडा हा नात्यांचाही आराखडा असतो. दोन भाऊ आज एका ताटात जेवतात, म्हणून उद्याचा विचार करणे अशुभ मानू नये. दोन्ही मजल्यांना स्वतंत्र जिना, दुसऱ्या स्वयंपाकघरापुरती नळजोडणी आणि वेगळ्या वीजमीटरची सोय आरंभी थोड्या खर्चात होते. पुढे कधी चुली वेगळ्या झाल्याच, तर भिंती फोडाव्या लागत नाहीत आणि मनेही फुटत नाहीत. जमीन कोणाच्या नावे, पैसे कोणाचे किती आणि बहिणींचा हक्क काय, हे कागदावर तेव्हाच यावे.

घरातील ज्येष्ठांची खोली तळमजल्यावर, स्नानगृहासह आणि उंबरठ्याच्या अडथळ्याविना असावी. लिफ्ट आज नको असली, तरी तिची जागा राखून ठेवता येते. सुनांचे मत स्वयंपाकघरापुरते न घेता सर्व खोल्यांबाबत घ्यावे. दिवसाचे अधिक तास घरात कोण असते, याचा विचार केला म्हणजे त्याचे कारण कळते.

हिशेबाची शिस्त

दुकानात एका पैशाचा हिशेब ठेवणारी माणसे घराच्या कामात तोंडी व्यवहार करतात, हे आश्चर्य आहे. आर्किटेक्टचे नकाशे, इंजिनीअरचे तपशील आणि बाबवार अंदाजपत्रक पूर्ण झाल्याशिवाय कंत्राट देऊ नये. पैसे कामाच्या टप्प्यानुसार द्यावेत : जोते, प्रत्येक स्लॅब, वीटकाम, गिलावा. अंदाजाच्या १० ते १५ टक्के रक्कम अनपेक्षित खर्चासाठी बाजूला ठेवावी. पावणेदोन कोटींच्या घराला ही राखीव रक्कम १७ ते २६ लाखांच्या घरात जाते. ती नसेल, तर घराचे माप कमी करणेच योग्य.

कराच्या बाबतीतही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. स्वतंत्र निवासी घरासाठी फक्त मजुरीचे कंत्राट दिल्यास त्यावर जीएसटी लागत नाही. साहित्यासह कंत्राटावर तो लागतो. शिवाय स्वतःच्या घराच्या सिमेंट-सळईवरील जीएसटीचे क्रेडिट पेढीच्या हिशेबात घेता येत नाही, म्हणून घराची बिले दुकानाच्या बिलांत मिसळू नयेत. जुनी मिळकत विकून नवे घर बांधणाऱ्यांना भांडवली नफ्यावरील करसवलतीसाठी सामान्यतः ३ वर्षांत बांधकाम पुरे करावे लागते. न वापरलेली रक्कम मुदतीत विशेष बँक खात्यात ठेवावी लागते. विक्रीपूर्वीच चार्टर्ड अकाउंटंटचा सल्ला घेणे श्रेयस्कर.

अहिंसेचा तपशील

घर बांधताना पृथ्वी, पाणी आणि त्यांच्या आश्रयाने राहणारे जीव यांना बाधा होतेच. ती पूर्ण टळत नाही. विवेकाने कमी मात्र होते. घराचे माप आटोक्यात ठेवणे हा त्यातील सर्वांत मोठा विवेक. बाकीचे तपशील त्यामागून येतात.

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरात स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा सायंकाळपर्यंत उजेडाची हवी. तेथे खिडकी लहान ठेवून दुपारीच दिवे लावण्याची वेळ येऊ नये. सामायिकासाठी शांत, हवेशीर कोपरा नकाशातच दाखवावा. उरलेल्या जागेत तो नीट बसत नाही. लाकडावर चढवले जाणारे पारंपरिक लाखेचे पॉलिश कीटकांच्या स्रावापासून बनते आणि लाखेचा व्यापार श्रावकासाठी वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत गणला आहे. तेव्हा सुताराला कोणते पॉलिश वापरणार, हे विचारून घ्यावे. बागेतील प्रखर पांढऱ्या दिव्यांवर पावसाळ्यात किडे झेपावतात. खाली प्रकाश टाकणारे, मंद पिवळसर दिवे निवडल्यास ही हानी घटते. संगमरवरावर लिंबाच्या रसाचे डाग कायमचे बसतात. ओट्यासाठी काळा ग्रॅनाइट अधिक सोयीचा.

पाण्याचा हिशेबही मांडण्याजोगा आहे. २,००० चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातील ८० टक्के पाणी हाती लागले, तर एक लाख लिटरहून अधिक पाणी गाळून टाकीत वा बोअरच्या पुनर्भरणासाठी वळवता येते. ५०० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या प्लॉटवर अशी व्यवस्था नियमानेच करावी लागते. लहान प्लॉटवर ती स्वेच्छेने करावी.

आणि जे हात हे घर उभारतात, त्यांचाही विचार याच सदरात यावा. मजुरांना सावली, पिण्याचे स्वच्छ पाणी, शौचालय, शिरस्त्राण आणि विमा मिळतो की नाही, हे मालकाने स्वतः पाहावे. ते कंत्राटदाराचे काम आहे, असे म्हणून बाजूला होणे दयाधर्माला शोभत नाही.

काम पुरे झाल्यावर महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र हाती आले की मगच गृहप्रवेशाची तिथी काढावी. घर लहान की मोठे, याची चर्चा त्या दिवशी पाहुणे करतील आणि जेवून निघून जातील. त्यानंतर त्या घरात कर्जाविना झोप लागते का, आजीला देवदर्शनास कोणाचा हात न धरता जाता येते का आणि दारी आलेल्या साधर्मिकाला बसायला संकोच वाटत नाही ना, यावरून कुटुंबालाच कळेल की माप बरोबर ठरले होते.