थायरॉईडच्या गोळीची कंपनी बदलली, आता काय?

तंजावरहून कुंभकोणमकडे निघालेली पॅसेंजर पापनाशम सोडते आणि पुढचं स्टेशन येतं सुंदरपेरुमाळ कोयिल. कावेरीच्या पाण्यावरची भातखाचरं, देऊळ, चार दुकानं. पुण्या-मुंबईहून इथल्या नातलगांकडे महिनाभरासाठी आलेल्या कुणाची थायरॉईडच्या गोळ्यांची बाटली संपली, तर नेहमीचा ब्रँड इथे मिळेलच असं नाही. दुकानदार दुसरी बाटली पुढे करतो आणि म्हणतो, ‘अदे मरुंदु, कंपनी दान वेरे.’ औषध तेच, कंपनी तेवढी वेगळी. ऐकणाऱ्याच्या पोटात मात्र गोळा येतो.

हा प्रश्न थोड्या लोकांचा नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत (मुंबई आणि गोवा त्यात होते) दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला हायपोथायरॉईडिझम, म्हणजे थायरॉईड ग्रंथीचं काम कमी पडणं, आढळला. या बहुतेकांचं औषध एकच, लिव्होथायरॉक्सिन. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स ही त्याचीच वेगवेगळ्या कंपन्यांची नावं.

‘कंपनी बदलली म्हणजे औषध बदललं’

नाही. पण ‘काहीच बदललं नाही’ हेही पूर्ण खरं नाही. समजा गोळीचं वजन 100 मिलिग्रॅम आहे आणि डोस 50 मायक्रोग्रॅमचा. म्हणजे गोळीत औषध फक्त दोन हजारावा भाग. बाकी सगळं लॅक्टोज, स्टार्च, रंग असलं भरताड. कंपनीगणिक बदलतं ते हे भरताड, आणि त्यावर गोळी किती टिकते, पोटात कशी विरघळते हे थोडंफार अवलंबून असतं. या औषधात थोड्या फरकानेही परिणाम कमी-जास्त होतो, म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2007 मध्ये नियम कडक केला: मुदत संपेपर्यंत गोळीत लेबलवर लिहिलेल्या प्रमाणाच्या 95 ते 105 टक्के औषध असलंच पाहिजे.

‘महागडा ब्रँड तो खरा, बाकी सगळी नक्कल’

या समजुतीमागे एक चुरचुरीत इतिहास आहे. सिंथ्रॉइड हा त्या काळी अमेरिकेतला सगळ्यात खपाचा ब्रँड. त्याच्या तेव्हाच्या मालकांनी, बूट्स कंपनीने, सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातल्या बेटी डाँग यांना पैसे देऊन एक अभ्यास करवून घेतला. आपला ब्रँड इतरांपेक्षा सरस ठरेल असा कंपनीचा होरा. 22 स्त्रियांना आळीपाळीने चार वेगवेगळी उत्पादनं देऊन पाहिली आणि निघालं भलतंच: चारही सारखीच. निबंध छापायला मंजूर झाला होता, तरी कंपनीने करारातल्या कलमावर बोट ठेवून 1995 मध्ये तो ऐन वेळी मागे घ्यायला लावला. वर्तमानपत्रात बोभाटा झाला आणि अखेर 1997 मध्ये तो प्रसिद्ध झाला. तेव्हा ‘दुसरा ब्रँड म्हणजे धोका’ असं कुणी फार ठासून सांगू लागलं, तर सांगणाऱ्याचा त्यात फायदा काय, हेही पाहावं.

2022 सालचा अमेरिकेतलाच एक मोठा अभ्यास आपल्या प्रश्नाच्या आणखी जवळचा आहे. एका कंपनीची जेनेरिक गोळी सोडून दुसऱ्या कंपनीची जेनेरिक घेतलेल्यांपैकी 84.5 टक्के लोकांचा टीएसएच (औषध पुरतं की नाही हे दाखवणारी रक्तचाचणी; औषध कमी पडलं की आकडा चढतो) पुढे नॉर्मल होता. कंपनी न बदललेल्यांत हा आकडा 82.7 टक्के. म्हणजे बदलल्यामुळे बिघाड झाल्याचं दिसलं नाही.

‘नवी गोळी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी धडधड सुरू झाली’

थायरॉक्सिन शरीरात अत्यंत सावकाश चालतं. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण आठवडा लागतो, नवा समतोल बसायला सहा आठवडे. गोळीतला पाच-दहा टक्क्यांचा फरक दुसऱ्या सकाळी हृदयापर्यंत पोचूच शकत नाही. मग ती धडधड खोटी का? नाही, त्रास खराच असतो. कारण मात्र दुसरं असू शकतं. एखाद्या रंगाची किंवा घटकाची अॅलर्जी क्वचित असते. लॅक्टोजचा संशय पुष्कळजण घेतात, पण एका गोळीत असतं त्याहून कितीतरी जास्त लॅक्टोज कपभर दुधात असतं.

आणि भीतीनेही धडधडतं. न्यूझीलंडमध्ये 2007 साली एल्ट्रॉक्सिनचं उत्पादन कॅनडातून जर्मनीत गेलं. औषध तेच, भरताड बदललं, गोळीचं रूप बदललं. आधीच्या तीस वर्षांत या औषधाबद्दल 14 तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. बदलानंतरच्या दीड वर्षात चौदाशेच्या आसपास. टीव्हीवर ज्या लक्षणांची चर्चा व्हायची, त्यांच्या तक्रारी बातमीनंतर आणखी वाढायच्या. फ्रान्समध्ये 2017 मध्ये याच औषधाच्या लेव्होथायरॉक्स या ब्रँडचं तसंच झालं. तिथे लॅक्टोज काढून मॅनिटॉल आणि सायट्रिक अॅसिड घातलं होतं, तेही गोळी अधिक टिकावी म्हणून! पण रुग्णांना नीट सांगायचं राहून गेलं. माझ्या मते या दोन्ही देशांत लोकांना वेडं ठरवण्यात अर्थ नव्हता. न सांगता रोजची गोळी बदलली की माणूस बिथरणारच.

‘रिपोर्ट बिघडला, म्हणजे नव्या गोळीत दम नाही’

इथे मला कुंभकोणमच्या डिग्री कॉफीवर बोट ठेवावं लागतं, आणि ते ठेवताना जिवावर येतं. पहाटे साडेपाचला पितळी डबरा-टंबलरमध्ये फेसाळ, दाट दुधाची कॉफी हातात येते. पाहुणा गोळी तोंडात टाकतो आणि लगेच घोट घेतो. घरी तो गोळीनंतर तासभर थांबायचा. इथे यजमानाला नाही कसं म्हणणार? इटलीतल्या डॉक्टरांनी 2008 मध्ये दाखवून दिलं, की गोळीबरोबर किंवा पाठोपाठ कॉफी घेतली तर औषधाचं शोषण कमी होतं. वर दुधातलं कॅल्शियम. महिनाभर असं चाललं आणि टीएसएच चढला, तर खापर फुटतं बिचाऱ्या नव्या बाटलीवर.

लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांचंही तेच. त्यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. अॅसिडिटीची गोळी नव्याने सुरू झाली असेल तर डॉक्टरांना सांगावं. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर काही लॅबमध्ये रिपोर्टच चुकीचा येतो, म्हणून तपासणीच्या दोन दिवस आधी ते बंद ठेवतात. लॅब बदलली, रक्त देण्याची वेळ बदलली, तरी आकडा थोडा हलतो. आणि इथली कावेरीच्या डेल्टातली दमट हवा! बाटली चुलीशेजारच्या फळीवर, झाकण सैल, असं करू नये. गोळ्या ओल, ऊन आणि उष्णतेपासून लांब, मूळ बाटलीतच ठेवाव्यात.

खरी चूक कुठे होते

ब्रँडपेक्षा डोसच्या आकड्यात. 25, 50, 75, 88, 100 अशा कितीतरी ताकदीच्या गोळ्या असतात आणि सगळ्या कंपन्या सगळ्या बनवत नाहीत. तुमची 88 ची नसेल तर काउंटरवरचा मुलगा 100 ची पुढे करतो, ‘थोडाच फरक आहे’ म्हणत. तो फरक थोडा नाही. रंगावरून गोळी ओळखायची सवयही सोडावी. एका कंपनीचा रंग दुसरीकडे वेगळ्या डोसचा असू शकतो. लेबलवरचा आकडा मोठ्याने वाचून घ्यावा, भाषा येत नसली तरी आकडे तेच असतात.

काही जणांनी मात्र ब्रँडलाच चिकटून राहावं: गरोदर स्त्रिया, थायरॉईडच्या कर्करोगाचे रुग्ण, हृदयविकार असलेले, लहान बाळं. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी 2021 मध्ये असंही सांगितलं, की ज्याला बदलानंतर वारंवार त्रास होतो त्याला एकच ठरावीक उत्पादन लिहून द्यावं. इतरांनी बदल झाला म्हणून गोळी बंद करू नये, डोसही स्वतःहून वाढवू नये. सहा ते आठ आठवड्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये टीएसएच करावा.

तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांच्या धन्वंतरी महाल या वैद्यकशाळेत रुग्णांच्या नोंदी ठेवण्याची पद्धत होती, तेव्हा या भागात औषधाची वही ठेवायला लाजायचं कारण नाही. त्या वहीत कंपनीचं नाव, डोस, बॅच नंबर, बाटली उघडल्याची तारीख, गोळी आणि कॉफीची वेळ, शेवटचा टीएसएच एवढं लिहावं. कुंभकोणमच्या डॉक्टरांना तुमची जुनी फाइल ठाऊक नसते. पण ही पाच-सहा ओळींची नोंद समोर असली, तर बिघाड बाटलीत आहे की टंबलरमध्ये, हे त्यांना पाच मिनिटांत कळतं.