बिबट्या ‘जेरबंद’ झाला, पुढे काय?

मुलुंडला आमच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात गेल्या पंचवीसेक वर्षांतली वर्तमानपत्रांची कात्रणे आहेत. घरचे तिला रद्दी म्हणतात, मी संदर्भ म्हणतो. यंदा पावसाळ्यात ओल धरली म्हणून ट्रंक खाली उतरवली आणि बिबट्यांच्या बातम्यांचा गठ्ठा वाचत बसलो. खरे तर नुसते मथळेच. वाचता वाचता प्रश्न पडला, की हे मथळे शब्दशः खरे धरले, तर दुसऱ्या दिवशी उपनगरांत काय घडायला हवे होते?

सगळ्यात लाडका मथळा म्हणजे ‘बिबट्या जेरबंद’. जेरबंद हा फारसीतून आलेला शब्द मूळचा घोड्याच्या साजातला. घोड्याने मान उधळू नये म्हणून पोटाखालच्या तंगापासून तोंडाकडे बांधतात तो पट्टा म्हणजे जेरबंद. तेव्हा बिबट्या खरोखरच जेरबंद झाला, तर पुढची पायरी टांग्याचीच. नॅशनल पार्कचे गेट ते बोरिवली स्टेशन, शेअर टांगा, माणशी भाडे ठरलेले. रिक्षावाल्यांचा संप अटळ. मात्र जवळचे भाडे नाकारले म्हणून टांगेवाल्याशी कोणी वाद घालणार नाही.

दुसरा मथळा ‘बिबट्याचा मुक्त संचार’. हा मला नेहमी रेल्वेच्या पासासारखा वाटतो. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आपले राष्ट्रीय उद्यान पश्चिम रेल्वेची उपनगरे आणि मध्य रेल्वेची उपनगरे यांच्या मधोमध पसरले आहे. बोरिवलीहून मुलुंडला लोकलने यायचे तर आपल्याला दादरला उतरून पूल चढावा लागतो. दादर न बदलता हा प्रवास करणारा एकमेव मुंबईकर म्हणजे बिबट्या. मत्सर वाटावा असाच हा संचार.

तिसरा, ‘सोसायटीत बिबट्या शिरला’. आता आमच्याकडे कुरिअरवाल्यालाही वहीत नाव, फ्लॅट नंबर आणि ‘कोणाकडे’ हे लिहिल्याशिवाय आत सोडत नाहीत. बिबट्या ‘कोणाकडे’ या रकान्यात काय लिहील? पुढच्या वार्षिक सभेत विषय निघेल : पाहुणा की भाडेकरू? भाडेकरू असेल तर ना-हरकत पत्र कुठे आहे? फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्याच्या एका मॉलच्या सीसीटीव्हीत पहाटे बिबट्या दिसला आणि पुढे जवळच्या हॉटेलच्या आवारात सापडला. त्याची चूक एवढीच, की मॉल उघडायच्या आधी आला आणि चेक-इनच्या वेळेआधी हॉटेलात पोहोचला.

गंमत इथे थांबवतो. कारण हे मथळे खरोखरच शब्दशः वाचले गेले होते, आणि त्याचे परिणाम काल्पनिक नव्हते.

मथळा बहुधा बातमीदार लिहीत नाही, तो रात्री उपसंपादक लिहितो. रकान्याची रुंदी ठरलेली, म्हणून शब्द आखूड आणि ठोस हवेत : दहशत, धुमाकूळ, ठार, जेरबंद. क्रियापद गळते, कारण गळते, आधी काय आणि नंतर काय तेही गळते. उरतो एक गुन्हेगार आणि एक अटक.

२००४ च्या सुमारास उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांमध्ये बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे दगावली. भीती खरी होती, दुःखही खरे होते. पण मथळ्यांतून एकच मागणी तयार झाली : पिंजरा लावा. बिबट्या नुसता दिसला तरी पिंजरा. मग वनखात्यावर दबाव, मग ‘जेरबंद’, मग लोकांचा सुटकेचा निःश्वास.

पुढे काय झाले हे जुन्नरने शिकवले. तिथे त्याच सुमारास पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडण्यात आले. विद्या अत्रेय यांनी या प्रकाराचा अभ्यास केला, तेव्हा दिसले ते उलटेच : सोडलेल्या ठिकाणांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. कारण समजायला सोपे आहे. बिबट्या एकटा राहतो आणि आपला इलाखा धरून असतो. त्याला उचलले की रिकामी जागा दुसरा बिबट्या भरतो. आणि ज्याला परक्या मुलखात सोडले, तो भेदरलेला, वाट चुकलेला. म्हणजे मथळ्यात जी गोष्ट संपली, ती रानात तिथून सुरू होत होती.

२०११ मध्ये उद्यानाचे प्रमुख सुनील लिमये आणि अत्रेय यांच्या पुढाकाराने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू झाला. संशोधक, वनकर्मचारी, पोलीस आणि सामान्य रहिवासी एकत्र आले. पत्रकारांच्या कार्यशाळाही झाल्या. सांगणे साधे होते. उघडा कचरा असतो तिथे भटकी कुत्री जमतात, कुत्री असतात तिथे बिबट्या येतो. दिसला म्हणजे हल्ला केला असे नव्हे. घेरून आरडाओरडा केला तर मात्र तो बिथरतो. माझ्या गठ्ठ्यात यानंतर ‘शिरला’च्या जोडीला ‘दिसला’ हा शब्द येऊ लागतो. एका क्रियापदाचा फरक, पण ‘शिरला’ म्हटले की पिंजरा आठवतो आणि ‘दिसला’ म्हटले की कचराकुंडी.

२०१५ च्या कॅमेरा-गणनेत उद्यान आणि परिसरात ३५ बिबटे नोंदले गेले. इतके शेजारी असताना बहुतेक रात्री काहीच घडत नाही, आणि काहीच न घडण्याचा मथळा होत नाही. वारली पाड्यांत वाघोबाला पुजतात. शेजार जुना आहे हे तिथे कोणी सांगावे लागत नाही.

तरी सगळे सुरळीत झाले असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. २०२२ मध्ये ऐन दिवाळीच्या दिवशी आरेमध्ये सोळा महिन्यांच्या एका मुलीचा बिबट्याच्या हल्ल्यात जीव गेला. ते कात्रण मी गठ्ठ्यात वेगळे ठेवले आहे. त्याच्यावर विनोद होत नाही. पण अशा दिवशीच मथळा लिहिणाऱ्याचा हात जपून चालायला हवा, कारण पुढचे मूल वाचवायचे असेल तर पिंजऱ्याइतकाच अंधार, कचरा आणि कुत्री यांचाही विचार त्या बातमीत यावा लागतो.

आता याच उद्यानाखालून ठाणे-बोरिवली आणि गोरेगाव-मुलुंड असे बोगदे होत आहेत. दादर न बदलता जायची सोय अखेर माणसालाही मिळेल. ट्रंकेत त्या कात्रणांसाठी जागा करून ठेवली आहे. बिबट्यांचे वर्तमानपत्र असते, तर मथळा ठरलेला होता : ‘जंगलात माणूस शिरला’.