टॉटनहॅम : तिजोरी भरली, कपाट रिकामे

मालकी : 2001 मध्ये एनिक समूहाने लंडनच्या या क्लबचा ताबा घेतला. तेव्हापासून सप्टेंबर 2025 पर्यंत डॅनियल लेव्ही अध्यक्ष होते.

मैदान : एप्रिल 2019 मध्ये खुले. आसने 62,850, खर्च सुमारे 1 अब्ज पौंड.

पगार : 2023-24 मध्ये उत्पन्न सुमारे 52.8 कोटी पौंड. पगारावर खर्च जेमतेम 42 टक्के. बड्या प्रतिस्पर्ध्यांपेक्षा हे प्रमाण बरेच कमी. त्यामुळे अव्वल खेळाडू आणणे आणि टिकवणे, दोन्ही अवघड.

संघबांधणी : 2018 च्या उन्हाळ्यात एकही नवा खेळाडू घेतला नाही. तरीही संघाने त्या हंगामात चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी गाठली. लिव्हरपूलकडून 0-2 असा पराभव झाला. त्या यशावर कळस चढवण्याची संधी हातची गेली.

करंडक : लेव्हींच्या कारकिर्दीत दोनच : लीग कप (2008) आणि युरोपा लीग (2025). 2024-25 मध्ये प्रीमियर लीगमध्ये मात्र 17 वा क्रमांक.

चाहते : 2024-25 साठी हंगामी तिकिटे 6 टक्क्यांनी महागली. 2025 च्या सुरुवातीला मैदानाबाहेर ‘लेव्ही हटाव’च्या घोषणा घुमल्या. खिशाला कात्री लावून येणाऱ्या चाहत्यांचा हा राग रास्तच होता. ताळेबंद चोख हवाच; पण क्लब जिंकण्यासाठी असतो.