विमानांना वाट देणारी नोकरी

सांबऱ्याला विमान उतरताना पाहिले की वैमानिक आठवतो. त्याला वाट देणारा नियंत्रक कुणाच्या ध्यानीमनी नसतो. ही नोकरी भारतीय विमानतळ प्राधिकरण देते. भौतिकशास्त्र व गणितासह बी. एस्सी. किंवा इंजिनिअरिंगची पदवी हवी, वय २७ पर्यंत (राखीव वर्गांना सवलत). आम्हा कॉमर्सवाल्यांना दार बंदच! म्हणूनच धाकट्या भावाला मी पी. यू. सी.चे विषय निवडण्याआधी हे सांगून ठेवले.

लेखी परीक्षेनंतर आवाजाचीही चाचणी होते, कारण सारे काम बोलण्याचे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीच्या नियंत्रकाने कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्यास सांगितले होते. समोरून सौदी विमान १४,००० वर येत होते. कझाक विमान आणखी खाली आले आणि चरखी दादरीवर टक्कर होऊन ३४९ माणसे गेली. चौकशीत कझाक चालकांचे इंग्रजीही अपुरे ठरले.

आता वैमानिक व नियंत्रक दोघांनाही इंग्रजी बोलण्या-समजण्याची परीक्षा असते. सहांपैकी किमान चौथी पायरी लागते. घरी मराठी, बाजारात कन्नड बोलणाऱ्या आपल्या मुलांना ती जड जाईल असे मला वाटत नाही. गाइडमधले निबंध पाठ करणाऱ्यांना मात्र जाईल.