ताडोबाच्या लेकी सिमलीपालात

ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातलं सिमलीपालचं सालवन. तिथल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये कधी कधी असा वाघ टिपला जातो की बघणारा थबकतो. पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले आणि पिवळा रंग मधल्या फटींपुरता उरलेला. लोक त्याला काळा वाघ म्हणतात. २०२३-२४च्या राज्यगणनेत सिमलीपालात २७ प्रौढ वाघ मोजले गेले, त्यांतले १३ काळे. पर्यटकांना ही पर्वणी वाटते. वाघांच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र याच आकड्याने घोर लागतो.

बेंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमधल्या उमा रामकृष्णन, विनय सागर आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली या रंगाचं मूळ शोधून काढलं. टॅकपेप नावाच्या जनुकात एका ठिकाणी बदल झालाय. आई आणि बाप दोघांकडून हा बदल मिळाला तरच पट्टे पसरतात. देशातल्या इतर जंगलांत त्यांना तो आढळला नाही. सिमलीपालात मात्र या जनुकाच्या निम्म्याहून अधिक प्रती बदललेल्या निघाल्या. पुढची वाघांची वस्ती सुमारे ८०० किलोमीटरवर. थोडक्या वाघांपासून वाढलेल्या या वंशात बाहेरचं रक्त जवळजवळ आलेलंच नाही. काळा रंग वाघाला मारत नाही, पण नात्यातच जोड्या जुळत असल्याचं तो उघड सांगतो. त्याच वाटेने डोळ्यांना न दिसणारे घातक दोषही जोडीने पिल्लांपर्यंत पोचू शकतात.

हे सगळं कळतं ते बरंचसं वाटेवर पडलेल्या विष्ठेवरून. ती आतड्यातून सरकताना अस्तराच्या पेशी तिच्या बाहेरच्या थराला चिकटतात. म्हणून कापसाचा ओला बोळा तो थर हलकेच पुसून घेतो. विष्ठा ताजी हवी. ऊन-पावसाने डीएनए लवकर तुटतो. झाडाच्या सालीत अडकलेला केस किंवा शिकारीवरची लाळही चालते. वाघाला हातही न लावता त्याचे नातेसंबंध उलगडतात!

मग उपाय एकच: बाहेरून वाघीण आणायची. नरापेक्षा मादी बरी, कारण तिथला दांडगा नर परक्या नराशी जिवावर उठून भांडतो. ऑक्टोबर २०२४मध्ये ताडोबातून जमुना निघाली, नोव्हेंबरमध्ये झीनत. वाघीण पकडणं म्हणजे घड्याळाशी झुंज. भुलीचा डार्ट लागून ती आडवी झाली की डोळ्यांवर कापड, श्वास आणि ताप सतत मोजणं, रक्ताचा नमुना, आणि गळ्यात कॉलर, श्वास अडणार नाही आणि डोक्यावरून निसटणारही नाही इतकीच सैल.

ओडिशात वनखात्याला आधीचा चटका होता. २०१८ साली सातकोसियात आणलेला महावीर हा वाघ फासात अडकून मेला आणि सुंदरी या वाघिणीला अखेर मध्य प्रदेशात परत न्यावं लागलं. या वेळी दोघींना आधी कुंपणात ठेवून मग जंगलात सोडलं. तरीही झीनत निघालीच. झारखंड ओलांडून ती पश्चिम बंगालमध्ये शिरली, आणि २९ डिसेंबरला बांकुड्यात तिला बेशुद्ध करून परत आणावं लागलं. या भटकंतीला कुणी अपयश म्हणेल. पण तरुण वाघिणीने नवा मुलूख धुंडाळणं हा तिचा स्वभाव आहे, आणि योजना आखतानाच तो धरायला हवा.

हा उपाय फळतो, याचा पुरावा फ्लोरिडात आहे. तिथे जेमतेम २०-३० पँथर उरले होते. शेपट्या वाकड्या, हृदयात दोष, नरांची वृषणं खाली न उतरलेली. १९९५मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणल्या. पाच व्यायल्या, आणि पुढच्या पिढ्यांत हे दोष घटत जाऊन संख्या कित्येक पटींनी वाढली.

जमुना किंवा झीनतला काळ्या नरापासून पिल्लं झाली, तर ती सारी नेहमीच्या पट्ट्यांचीच दिसतील, पण प्रत्येकात बदललेली एक प्रत असेल. कॅमेऱ्याला ही प्रत दिसणार नाही. पुढे ही पिल्लं कुणाशी जोडी जमवतात, त्यांच्यात नवं रक्त किती टिकतं, हे कळण्यासाठी विष्ठा गोळा करणाऱ्यांना सिमलीपालच्या वाटांवर वर्षानुवर्षं फिरावं लागेल, आणि त्यांचा खर्च सरकारने तोवर न थांबता पुरवायला हवा.